बारा घाटांचं पाणी!

मंडळी, सीटबेल्ट लावलात? वायपर तपासलेत? टायरची नक्षी शाबूत आहे ना? मग निघूया! बारा गावचं पाणी प्यायलेली माणसं तुम्हाला ठाऊक असतीलच. या पावसाळ्यात आपण सह्याद्रीतल्या बारा घाटांचं पाणी चाखायचं.

प्लॅन एकदम सोपा. जून ते सप्टेंबर मिळून सतरा-अठरा वीकेंड येतात. दर वीकेंडला एक घाट धरा. बाराच्या बारा घाट पालथे घालूनही पाच-सहा वीकेंड घरी भजी तळायला शिल्लक!

अट एकच: गाडी हळू हाकायची. या घाटांच्या वळणावळणावर भन्नाट गोष्टी दडल्यात आणि सुसाट जाणाऱ्याला त्यातली एकही दिसत नाही. तर, पहिला गिअर टाका!

स्टार्टर: गरमागरम लाव्हा

माहीत आहे का, पावसात गारेगार भिजणारे हे कडे आगीतून जन्मलेत? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचले. दख्खनचा हा काळा पाषाण आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय.

पुढच्या वेळी कड्यावरच्या आडव्या पट्ट्या नीट बघा. प्रत्येक पट्टी म्हणजे लाव्ह्याची एक लाट. धबधबे टप्प्याटप्प्याने उड्या मारतात ते याच पायऱ्यांवरून. आणि डायनोसॉर गायब झाले तेही याच सुमारास! त्यात पृथ्वीवर आदळलेल्या लघुग्रहाचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांची जुगलबंदी अजून रंगात आहे.

घाट पहिला: बोरघाट, बाईंचा घाट!

खंडाळ्याची रेल्वे कोणी पूर्ण केली, माहीत आहे का? ॲलिस ट्रेडवेल नावाच्या बाईंनी! ठेकेदार नवरा सॉलोमन 1859 मध्ये वारला. ॲलिसबाईंनी ठेका स्वतःच्या हाती घेतला, अनुभवी माणसं नेमली आणि 25 बोगद्यांचं ते अजस्र काम तडीस नेलं. 1863 मध्ये घाटातून गाडी धावली. बायकांनी कंत्राटदारी करणं ज्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट.

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर शिंगरोबाचं छोटं देऊळ लागतं. घाटाची वाट साहेबाला या धनगराने दाखवली, असं सांगतात. बक्षीस काय हवं, तर म्हणे, देशाचं स्वातंत्र्य! साहेबाने गोळी घातली, अशी कथा आहे. आजही कित्येक ड्रायव्हर इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत.

अमृतांजन पूल आठवतो? 1830 चा हा दगडी पूल डोकेदुखीवरच्या बामाचं नाव मिरवायचा आणि खालच्या एक्स्प्रेसवेला ट्रॅफिकची डोकेदुखी द्यायचा! एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनने रस्ता रिकामा झाला आणि तेवढ्यात पूल उतरवला गेला. 190 वर्षांची इनिंग!

लोणावळ्याचं भुशी धरण कशासाठी बांधलं, सांगा बघू? वीकेंडसाठी? छे! वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला, एकोणिसाव्या शतकात, रेल्वेने. इंजिनं गेली, धरणाच्या पायऱ्या राहिल्या आणि त्यांच्यावर आता भिजायला आलेल्यांची गर्दी.

आणि घाटाखालची खोपोली? 1915 मध्ये लोणावळ्याचं पाणी सुमारे अर्धा किलोमीटर खाली सोडून इथे टाटांनी वीज बनवली आणि मुंबईच्या गिरण्या फिरवल्या. म्हणजे लोणावळ्याचा पाऊस मुंबईत शंभराहून अधिक वर्षं दिवे लावतोय!

पिट स्टॉप: जिथे गाडीलाच नो एंट्री

माथेरानला आपल्या गाडीने जायचं म्हणता? दस्तुरी नाक्यापर्यंतच हं! पुढे पाय, घोडा नाहीतर मिनी ट्रेन. नेरळ–माथेरानची ही गाडी 1907 पासून फक्त दोन फुटी रुळांवर डुलतेय. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी फेरी बंद असते, अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल मात्र धावते. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच आणि त्याचं टोपणनाव ‘वन किस टनेल’. लांबी किती, हे नावातच आलं!

घाट दुसरा: कसारा, धक्का मारो एक्स्प्रेस

कसारा घाटात रेल्वेचा चढ किती? 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर! आगगाडीसाठी ही खडी चढाई. म्हणून मागून खास इंजिनं जोडून गाडी ढकलतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पैसे देत नाहीत, धक्का देतात.

मुंबईकरांनो, या घाटात खिडकीला कान लावा. बाहेर बरसतोय तो तुमचाच नळ! तानसा, वैतरणा, भातसा हे सगळे तलाव याच टापूत आणि मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं.

घाट चढून पुढे भंडारदऱ्याला वळलात तर ‘अंब्रेला फॉल’ बघाच. विल्सन धरणातून सोडलेलं पाणी गोल खडकावर पडतं आणि चक्क छत्री उघडते. धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. देशातल्या जुन्या धरणांतलं हे एक मानाचं पान.

शेजारीच कळसूबाई. उंची 1646 मीटर, महाराष्ट्राचा टॉप फ्लोअर! मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत आलात तर इथल्या झाडांवर काजव्यांची रोषणाई दिसते. हजारो नर मिळून माद्यांना लाइट मारत असतात. मोबाईलचा टॉर्च मात्र बंद ठेवा, त्यांच्या लग्नाच्या बोलणीत अडथळा येतो.

हेअरपिन बेंड: पावसाचं जनरल नॉलेज

पावसाचा थेंब कसा दिसतो? चित्रात असतो तसा टोकदार? साफ चूक! मोठा थेंब पडताना खालून चपटा आणि वरून फुगीर असतो, वडापावातल्या पावाच्या वरच्या अर्ध्या भागासारखा. वेग ताशी तीसेक किलोमीटर. घाटात तुम्हीही तेवढ्याच वेगाने गेलात तरी पुरे.

आणि हवामान खात्याचा ‘एक मिलिमीटर’ म्हणजे किती? एक चौरस मीटर जागेवर बरोब्बर एक लिटर पाणी! हा आकडा खिशात ठेवा, महाबळेश्वरला लागणार आहे.

मातीचा तो वेड लावणारा वास? तो मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. थेंब आदळला की मातीतून हवेचे सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि वास वर उधळतात. जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचं नाक इतकं तिखट आहे की अब्जावधी कणांतला एखादा कणही ते हुंगतं. परफ्यूमवाले, बाजूला व्हा!

घाट तिसरा: माळशेज, गोल गोल इंद्रधनुष्य

अर्धं इंद्रधनुष्य सगळ्यांनी पाहिलंय. पूर्ण गोल पाहिलंय? माळशेजच्या शेजारच्या हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्यावरून ते दिसतं. नाव आहे इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने ते पाहिल्याची 1835 ची नोंद आहे.

कसं घडतं? पाठीशी कललेला सूर्य, समोर कड्याच्या पोटात दाटलेलं धुकं. त्या धुक्यावर रंगीत वर्तुळ उमटतं आणि मधोमध तुमची सावली. मजा पुढेच आहे: शेजारी उभ्या मित्राला वर्तुळात त्याचीच सावली दिसते, तुम्हाला तुमचीच. प्रत्येकाला स्वतःचं प्रायव्हेट इंद्रवज्र, शेअर करायची सोयच नाही!

घाट चौथा: नाणेघाट, दोन हजार वर्षांचा टोलनाका

टोल आजचा आहे असं वाटतं? नाणेघाटाच्या तोंडाशी भलाथोरला दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन त्यात नाणी टाकत, असं मानतात. फास्टॅग नव्हता, पण कॅश काउंटर दणकट होता! जुन्नरकडून आलात तर गाडी जवळपास घाटमाथ्यापर्यंत पोचते.

इथल्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचा त्यात आकड्यांसकट हिशोब आहे. भारतातल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. गणिताचा तास बुडवून इकडे आलेल्यांनो, गणिताने तुम्हाला इथेही गाठलंच!

आणि इथला उलटा धबधबा? पाणी खाली पडायचं सोडून वर उडतं. जादू नाही, वारा आहे. समुद्राकडून सुटलेला वारा उभ्या कड्यावर आपटतो, वर वळतो आणि धार उचलून तुमच्या तोंडावर फेकतो. रेनकोट घातला तरी भिजणार, लिहून घ्या.

घाट पाचवा: ताम्हिणी, पहिला ‘धरण नको’

पुण्याहून ताम्हिणीला जाताना मुळशीचा अथांग जलाशय डावी-उजवीकडे खुणावत राहतो. त्या पाण्याखाली गावं आहेत, माहीत आहे का? 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी इथे सत्याग्रह केला. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत त्याचं नाव घेतात. या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना जन्मभराची पदवी दिली: सेनापती! सेल्फी काढायला थांबाल तेव्हा त्या मावळ्यांसाठी मिनिटभर हॉर्न बंद ठेवा.

मुळशीचं पाणी डोंगराआड भिरा इथे वीज बनवतं, 1927 पासून. मग ते कुंडलिका नदीत सुटतं आणि त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. म्हणजे तुमच्या राफ्टचं टाइमटेबल ठरतं वीजघराच्या पाण्यावर. तिथे सगळं करंटवरच चालतं!

घाट सहावा: वरंधा, धबधब्यामागचं लेखन

भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ढग. पायथ्याच्या मुलखात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ इथे सांगितला आणि कल्याण स्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे.

20 दशक, 200 समास, 7751 ओव्या! आणि घळीसमोर पावसाळ्यात धो धो कोसळणारा धबधबा. घरात मिक्सर चालू असला तरी आपल्याला फोनवर बोलणं ऐकू येत नाही. इथे अख्खा ग्रंथ सिद्ध झाला. एकाग्रता असावी तर अशी!

दरडींमुळे हा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद ठेवतात. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचा आदेश बघा. घळीकडे महाडच्या बाजूनेही जाता येतं.

हेअरपिन बेंड: जंगलातली डिस्को

भीमाशंकरचं जंगल रात्री चमकतं, माहीत आहे का? भर पावसाळ्यात कुजक्या ओल्या लाकडावर एक बुरशी वाढते आणि अंधारात हिरवट उजेड देते. दिवसा याच जंगलात झाडावरून झाडावर झेप घेतो शेकरू, आपला राज्यप्राणी. लांब झुपकेदार शेपटीची ही तांबूस खार जमिनीवर क्वचितच पाय ठेवते.

राज्यफुलपाखरू असलेलं देशातलं पहिलं राज्य कोणतं? अर्थात महाराष्ट्र! 2015 मध्ये हा मान ब्लू मॉरमॉनला मिळाला. काळ्या मखमलीवर निळी झळाळी, म्हणून मराठी नाव नीलवंत.

आणि शेतातला बेडूक? पहिल्या पावसात नर चक्क हळद लावून बसतो! एरवी मातकट-हिरवा असणारा हा मोठा बेडूक विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो आणि गळ्याखालच्या निळ्या पिशव्या फुगवून डरांव डरांव करतो. नवरदेवाचा मेकअप आणि बँड दोन्ही इनबिल्ट!

घाट सातवा: आंबेनळी, पाण्याची लॉटरी

पोलादपूरहून आंबेनळी चढलात की वाटेत प्रतापगड सलामी घेतो. 10 नोव्हेंबर 1659, अफजलखान... पुढची गोष्ट गाडीतल्या आजोबांकडून ऐका, रंगवून सांगतील.

वर महाबळेश्वर. आता तो खिशातला आकडा काढा. जुलै 2021 मध्ये इथे एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 594 लिटर! पुण्यात वर्षभरात पडतो सातशेच्या आसपास. पुण्याचा वर्षभराचा बहुतेक कोटा महाबळेश्वरने चोवीस तासांत संपवला.

कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाच नद्यांचं पाणी इथल्या पंचगंगा मंदिरात एकत्र येतं, अशी श्रद्धा आहे. कृष्णेचा हट्ट बघा: अरबी समुद्र इथून अवघ्या 64 किलोमीटरवर, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्रीने मात्र शॉर्टकट घेतला, कोकणातून थेट अरबी समुद्र!

घाट आठवा: पसरणी, पावसाचा स्विच ऑफ

महाबळेश्वरात छत्री उलटी, पाचगणीत छत्री सुलटी, वाईत छत्री बॅगेत! तीसेक किलोमीटरच्या या उतारावर पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरवरून थेट हजाराच्या खाली घसरतो. ढग घाटमाथ्यावर सगळं दान करून येतात, पलीकडच्यांच्या वाट्याला पर्जन्यछाया उरते.

पसरणी गावाने महाराष्ट्राला एक आवाज दिला. कुणाचा, सांगा? शाहीर साबळ्यांचा! 1923 मध्ये ते इथे जन्मले आणि बरोबर शंभर वर्षांनी, 2023 मध्ये, त्यांनी गाजवलेलं गीत राज्यगीत झालं. घाट उतरताना गाडीत ते लावाच, व्हॉल्यूम फुल!

खाली वाई. आमच्यासारख्या फॅक्टवेड्यांची ही पंढरी, कारण मराठी विश्वकोश इथे घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. शाहरुखचा ‘स्वदेस’ पाहिलाय ना? त्यातलं गाव म्हणजे वाईजवळचं मेणवली. नाना फडणविसांचा वाडाही तिथेच, घाटावर.

घाट नववा: यवतेश्वर, फुलं की शिकारी?

साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढला की कास. जागतिक वारशात 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं घेतली गेली, त्यातली महाराष्ट्रात चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी.

कासवर साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत. पण सगळ्याच साध्याभोळ्या नाहीत! ‘सीतेची आसवं’ हे नाजूक निळंजांभळं फूल किती गोड दिसतं! मातीखाली मात्र बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव जवळ आले की ते क्षणार्धात आत ओढले जातात. शेजारचा दवबिंदू तर दव दाखवून किडे चिकटवतो. वर फुलांचं प्रदर्शन, खाली नॉनव्हेज हॉटेल!

असं का? कातळावरच्या पातळ मातीत नायट्रोजन कमी. मग ताट बाहेरून मागवावं लागतं.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. चुकली तर पुढचा शो सात वर्षांनी! बहराचे दिवस ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते, तेव्हा ऑनलाइन बुकिंग करूनच निघा आणि पाऊल पायवाटेवरच ठेवा. एका बुटाखाली पाच-पन्नास फुलं सहज चिरडतात.

घाट दहावा: कुंभार्ली, पोटातली वीज

कराडहून चिपळूणला उतरताना तुम्ही डोंगरावर असता आणि डोंगराच्या पोटात वीज तयार होत असते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॅट! पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं, पण वीज बनवून ते बाहेर पडतं कोकणात, वाशिष्ठीकडे. नदीची दिशा माणसाने बदलली ती अशी.

1999 मध्ये तर इथे कमालच झाली. भरलेलं धरण रिकामं न करता तलावाच्या तळाला खालून बोगद्याने भोक पाडलं! ‘लेक टॅपिंग’चा आशियातला हा पहिला प्रयोग म्हणून गाजला. आंघोळ चालू असताना बादलीला खालून नळ बसवायचा, तोही एक थेंब न सांडता. घरी ट्राय करू नका!

कराडला थांबलात तर प्रीतिसंगम बघा. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात. दोन नद्या अशा नाकासमोर येऊन मिळणं फार दुर्मीळ. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच संगमावर आहे.

हेअरपिन बेंड: ताटातला मान्सून

भजी आणि कणीस तर खालच! पण घाटाखालच्या बाजारात शेवळं दिसली तर थांबा. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारी ही रानभाजी नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. आदिवासी बायका शेवळांच्या जुडीसोबत काकडं देतात, म्हणजे भाजीबरोबर औषधाची फ्री डिलिव्हरी! टाकळा, भारंगी, करटोली, फोडशी हीदेखील पावसाळी गँग. वर्षाचे मोजके आठवडेच भेटते, तेव्हा घासाघीस न करता घ्या.

घाट अकरावा: आंबोली, चॅम्पियन!

महाराष्ट्रात पावसाचा दादा कोण? आंबोली! वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या पुढे. दोन मजली घर बुडेल एवढं पाणी, साठलं तर.

अशा ओलाव्यात नवनवे जीव सापडणारच. वाघासारख्या ठिपक्या-पट्ट्यांचा ‘आंबोली टोड’ 2009 मध्ये शास्त्राच्या वहीत नोंदला गेला. तळव्यावर मावणारा हा भेक आंबोलीच्या परिसराबाहेर फारसा कुठे नाही आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. रात्री तो रस्त्यावर येतो, म्हणून आंबोलीत अंधार पडल्यावर गाडी आणखी हळू. तुमच्या चाकाखाली एक अख्खी जात येऊ शकते!

हिरण्यकेशीच्या मंदिरातल्या कुंडात तर नवा मासाच सापडला. 2020 मध्ये तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली, नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवळात दर्शन घ्या, माशाला नमस्कार करा आणि पाण्यात साबण, निर्माल्य, बिस्किटं काहीही टाकू नका.

घाट बारावा: ब्रागांझा, कार पार्क करा!

शेवटचा घाट गोव्याच्या वेशीवर आणि इथे स्टिअरिंग सोडायचंय, कारण हा आहे रेल्वेचा घाट. कॅसलरॉक ते कुळे. चढ कसाऱ्याएवढाच खडा, 37 ला 1. आणि मधोमध 310 मीटर उंचीचा दूधसागर, टप्प्याटप्प्याने फेसाळत थेट रुळांखालून जाणारा!

2013 च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये तुम्ही तो पाहिलाय, स्टेशन मात्र दक्षिणेतलं दाखवलं होतं. पावसाळ्यात इथे गाडीतून उतरायला आणि रुळांवरून चालायला बंदी आहे. खिडकीची सीट पकडा. धबधबा इतका जवळून जातो की तुषार फुकटात मिळतात.

उतरणीला लागताना

आता चार कामाच्या गोष्टी, लायसन्स असणाऱ्यांनी मोठ्याने वाचाव्या.

चढणारी गाडी आणि उतरणारी गाडी समोरासमोर आल्या तर आधी कोण? चढणारी! नियमच आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं जास्त अवघड.

उतारावर कोणता गिअर? जुने ड्रायव्हर सांगतात: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. नुसत्या ब्रेकवर उतराल तर ब्रेक तापून दगा देतात. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही.

धुक्यात हाय बीम? नको! प्रकाश धुक्यावर आपटून उलट तुमच्याच डोळ्यांत येतो. लो बीम, फॉग लॅम्प आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर.

आणि धबधब्याच्या प्रवाहात उतरायचं नाही. जून 2024 मध्ये भुशी धरणामागच्या प्रवाहात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरावर सर कोसळली की खाली पाणी मिनिटांत चढतं आणि खाली उभ्या असलेल्याला वरचा पाऊस दिसतच नाही. बघायचं ते काठावरून, भिजायचं ते पावसात.

डिकीत एक रिकामी पिशवी ठेवा. चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या सगळ्या तिच्यात आणि ती पिशवी घरच्या कचऱ्याच्या डब्यात. 6.6 कोटी वर्षांच्या या डोंगरावर आपला प्लॅस्टिकचा थर चढता कामा नये.

बाकी यादी तुमच्या हातात आहे, पाऊस आपला शब्द पाळतोच. पहिला घाट कोणता, ते मात्र गाडीतल्या सगळ्यात छोट्या मेंबरला ठरवू द्या. हॅपी जर्नी, मंडळी, आणि सावकाश या!